वळण लावणारे बळ : खोडदची दुर्बीण आणि चुंबकीय क्षेत्राचा इतिहास

जुन्नरचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखापासून आरंभ करावयाचा, लेण्याद्रीच्या आणि मानमोडीच्या लेण्यांना एक फेरी घालावयाची, निजामशाहीच्या पहिल्या राजधानीची नोंद घ्यावयाची आणि १६३० सालच्या शिवनेरीपाशी नतमस्तक होऊन थांबावयाचे. नंतरच्या काळासाठी फार तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा फड आणि कुकडी प्रकल्पाची धरणे. शेजारच्या आंबेगावच्या वाट्याला भीमाशंकर आणि डिंभे. ही रीत चुकीची आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु या दोन तालुक्यांच्या मातीवर उभी असलेली एक वास्तू तिच्यात कोठेच बसत नाही, आणि ती का बसत नाही याचा विचार साहित्याच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा, असे आम्हांस वाटते.

ही वास्तू म्हणजे खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जिला सारे जण जीएमआरटी या संक्षिप्त नावानेच ओळखतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ खोडदच्या सुमारे एक चौरस किलोमीटर परिसरात आहेत. उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी वाय या अक्षरासारख्या तीन भुजांवर, शेतांमधून आणि माळांवरून पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली.

या दुर्बिणीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात बहुधा तिच्या आकाराचे कौतुक असते. आमचे कुतूहल वेगळे आहे. ही दुर्बीण वाचते काय? तिच्या टप्प्यात येणाऱ्या मजकुराचा फार मोठा भाग एकाच गोष्टीची साक्ष देतो : विद्युतभारित कणांच्या शलाकांना चुंबकीय क्षेत्राने दिलेले वळण. हीच गोष्ट माणूस प्रयोगशाळेत सुमारे शंभर वर्षे शिकत आला होता. काचेच्या नळीपासून खोडदच्या माळापर्यंतचा हा प्रवास एका सलग इतिहासाचा विषय आहे.

चुंबक काय करतो

मराठीत 'वळण' हा शब्द रस्त्याचेही असतो, अक्षराचेही, आणि मुलांना लावतात ते तर असतेच. विद्युतभारित कणावर चुंबकीय क्षेत्र जे करते त्यासाठी याहून चपखल शब्द सापडणे कठीण. चुंबकीय बल नेहमी कणाच्या गतीशी काटकोन करून लागते. त्यामुळे ते कणाला पुढे रेटत नाही, मागे ओढत नाही. त्याच्या ऊर्जेत भर घालत नाही. ते मार्ग तेवढा वाकवते. कणाला वेग द्यावयाचा तर विद्युतक्षेत्र लागते. वेग मिळालेल्या कणाला मार्गावर ठेवावयाचे तर चुंबकीय क्षेत्र. विसाव्या शतकातील कणभौतिकीची सारी यंत्रे या श्रमविभागणीवर उभी राहिली.

१८५८ साली बॉन येथे युलिउस प्लुकर यांनी हवा काढून घेतलेल्या नळीतील प्रकाश चुंबकाने सरकतो हे पाहिले. १८९६ साली नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलान यांना दिसले की, नळीतील ऋणाग्रकिरण चुंबकाच्या ध्रुवाकडे एकवटतात. ध्रुवीय प्रकाशाचे कोडे उकलण्याची वाट त्यांना तेथे सापडली. पुढच्याच वर्षी केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी चुंबकीय आणि विद्युत अशा दोन्ही क्षेत्रांनी याच किरणांना वळवून ते ऋणभारित कणांचे बनलेले आहेत हे दाखवले. इलेक्ट्रॉनची ओळख पटली ती तो किती वळतो यावरून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वळवणे आणि एकवटवणे यांत मात्र फरक आहे. शलाकेतील सर्व कण एकाच दिशेने जात नाहीत. कोणी किंचित डावीकडे कललेला असतो, कोणी उजवीकडे. प्रकाशाचे असे पसरलेले किरण एका बिंदूत आणण्यासाठी भिंग असते. इलेक्ट्रॉनांसाठी भिंग कशाचे करावयाचे? या प्रश्नाचे गणिती उत्तर जर्मनीतील हान्स बुश यांनी १९२६-२७ मध्ये दिले : तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळवली की वेटोळ्याच्या पोकळीतील चुंबकीय क्षेत्रच इलेक्ट्रॉनांचे भिंग होते.

याचे मर्म आमच्या वाचकांना मळणीच्या खळ्यावरून समजेल. खळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या मेढीला एका दावणीत बांधलेले बैल फिरतात. मेढीजवळचा बैल लहान फेरी घालतो आणि सावकाश चालतो. कडेचा बैल मोठी फेरी घालतो आणि झपाट्याने चालतो. पण फेरी दोघांची एकाच वेळी पूर्ण होते. चुंबकीय क्षेत्रात शिरलेल्या इलेक्ट्रॉनांचेही असेच असते. अक्षापासून अधिक कललेल्या कणाची गिरकी मोठी, कमी कललेल्याची लहान. परंतु गिरकीला लागणारा वेळ दोघांचा सारखाच. म्हणून एका बिंदूतून निघालेले कण, कोन लहान असतील तर, एका गिरकीनंतर पुन्हा एका बिंदूत भेटतात. बैलांना दावणीने बांधलेले असते, इलेक्ट्रॉनांना कशानेही नाही. एवढाच काय तो फरक. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी अशी दोन भिंगे एकापुढे एक ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना तयार केला. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी.

पुढे त्वरकयंत्रे मोठी होत गेली, तसे हे भिंग अपुरे पडू लागले. चार ध्रुवांचा चुंबक शलाकेला आडव्या दिशेने आवळतो, पण त्याच वेळी उभ्या दिशेने पसरवतो. तो नव्वद अंशांत फिरवून लावला तर नेमके उलट घडते. असे चुंबक आलटून पालटून लावत गेल्यास एकूण परिणाम मात्र आवळण्याचाच होतो. १९५२ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत कूरंट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी ही युक्ती मांडली. मागाहून कळले की, अथेन्समध्ये लिफ्टच्या व्यवसायात असलेल्या निकोलस क्रिस्टोफिलोस या अभियंत्याने स्वतःच्या अभ्यासाने ती त्याआधीच शोधून १९५० मध्ये पेटंटसाठी अर्जही केला होता. विद्यापीठाबाहेरच्या माणसाचे म्हणणे कोणी गांभीर्याने वाचले नाही. ज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार येतो. आमच्या वाङ्मयेतिहासातही तो अपरिचित नाही. कुलाब्याच्या टाटा संस्थेत १९८८च्या अखेरीस सुरू झालेल्या पेलेट्रॉन त्वरकातही शलाका निवडण्याचे आणि आवळण्याचे काम चुंबकच करतात.

तोटा आणि साक्ष

वळणाला एक किंमत असते. वेगाने जाणारा विद्युतभारित कण वळवला की तो प्रारण फेकतो आणि त्या प्रमाणात त्याची ऊर्जा घटते. १९४७ साली अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सिंक्रोट्रॉन यंत्रात, काचेच्या नळीतून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपाशी एक झगझगीत ठिपका दिसला. यंत्र बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा होता; कणांना दिलेली ऊर्जा प्रकाश होऊन वाया जात होती. या प्रकाशाला सिंक्रोट्रॉन प्रारण असे नाव पडले.

अवघ्या तीन वर्षांनी या तोट्याला दुसरा अर्थ आला. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा उगम कशात आहे हे तोवर गूढ होते. १९५० साली स्वीडनमधील हान्नेस आल्व्हेन व निकोलाय हेर्लोफसन यांनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीतील कीपेनहॉयर यांनी सुचवले की, हे अंतराळातील चुंबकीय क्षेत्रांत फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे सिंक्रोट्रॉन प्रारण असावे. गिंझबुर्ग आणि श्क्लोव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ही कल्पना पुढे नेली. १९५६ मध्ये वाल्टर बाडे यांनी एम-८७ या दीर्घिकेतून निघालेल्या झोताचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखवले, आणि ध्रुवीकरण ही तर सिंक्रोट्रॉन प्रारणाची खूणच. प्रयोगशाळेत जी गळती होती ती आकाशात साक्ष ठरली.

या साक्षीचा एक गुणधर्म इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. अधिक ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आखूड तरंगलांबीवर तळपतो आणि आपली ऊर्जा झपाट्याने उधळून विझतो. कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन लांब तरंगलांबीवर मंदपणे प्रकाशतो, पण पुष्कळ काळ टिकतो. म्हणजे आखूड लहरींवर दुर्बीण रोखली की ताज्या घडामोडी दिसतात. मीटरभर लांबीच्या लहरींवर रोखली की जुन्या घडामोडींचे अवशेषही दिसू लागतात. जीएमआरटीच्या नावातील 'मीटरतरंग' हा शब्द त्यामुळे केवळ तांत्रिक तपशील राहत नाही. ही दुर्बीण दप्तरखान्याच्या जवळची आहे. इतर दुर्बिणींना जे कोरे दिसते, तेथे तिला पुसट झालेली अक्षरे सापडतात.

गोविंद स्वरूप

जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे झाला. १९५३ ते १९५५ या काळात ते ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस केंद्रावर गेले. तेथे सूर्याच्या रेडिओ स्फोटांच्या नोंदींत त्यांना एक आगळा आकार दिसला. स्फोटाची वारंवारता आधी उतरत होती आणि मग पुन्हा चढत होती. आलेखावर इंग्रजी यू अक्षराची उलटी कमान उमटत होती. मॅक्सवेल आणि स्वरूप यांनी १९५८ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. त्याचा अर्थ असा लावला जातो : सूर्यावरून इलेक्ट्रॉनांची एक शलाका वर झेपावते, चुंबकीय क्षेत्राच्या कमानीवरून वळते आणि पुन्हा सूर्याकडे उतरते. आमच्या विषयाचे याहून शुद्ध उदाहरण शोधूनही मिळणार नाही. खोडदला दुर्बीण उभारणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीच्या आरंभीच चुंबकीय वळणाने वाकलेली एक शलाका उभी आहे.

नंतर स्टॅनफर्ड येथे त्यांनी सहकाऱ्यांसमवेत हंस तारकासमूहातील सिग्नस-ए या प्रबळ रेडिओ स्रोताच्या रचनेचा अभ्यास केला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून ते भारतात परतले. ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या ३२ लहान तबकड्या १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. आज चाळींच्या आणि इमारतींच्या दाटीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कल्याणने एके काळी सूर्याचे रेडिओ निरीक्षण केले, ही गोष्ट कल्याणकरांपैकी किती जणांस ठाऊक असेल? १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. १९८०च्या दशकात जीएमआरटीची कल्पना आकारास आली आणि १९९०च्या दशकात ती प्रत्यक्षात उतरली. २००१ साली ती देशाला अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. स्वरूप यांचे निधन ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात झाले.

या दुर्बिणीची तबकडी पाहणाऱ्यास प्रथम तिची विरळता जाणवते. तेथे पत्रा नाही. पोलादी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली बारीक तारांची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांची भोके जाणवत नाहीत, तिला जाळी म्हणजे सलग भिंतच. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका राहतो आणि खर्च आटोक्यात येतो. कमी साधनांत मोठे काम करण्याची ही युक्ती आमच्या परिचयाच्या काटकसरीच्या जातीची आहे.

खोडदच का

या प्रश्नाचे उत्तर पुन्हा चुंबकीय क्षेत्राकडेच घेऊन जाते. पृथ्वीभोवतीच्या वातावरणाच्या वरच्या थरात सूर्याच्या किरणांमुळे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थराला आयनांबर म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास, क्षेत्ररेषा जमिनीला समांतर असल्यामुळे, हे आयनांबर फार अस्वस्थ असते. लांब रेडिओ लहरी त्यातून येताना थरथरतात, जसे उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचे दृश्य थरथरते. भारतात चुंबकीय विषुववृत्त अगदी दक्षिण टोकाजवळून जाते. त्यापासून पुरेसे उत्तरेला गेले तर आयनांबर बरेच शांत. पण फार उत्तरेला गेले तर दक्षिणेचे आकाश क्षितिजाखाली राहते. सुमारे १९ अंश अक्षांशावरील नारायणगावचा परिसर या दोन्ही गरजांच्या मध्ये बसला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतातील पहिला अग्निबाण उडाला. थुंबाची निवड झाली ती चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते म्हणून. तेथे आयनांबराची अस्वस्थताच अभ्यासाचा विषय होती. खोडदची निवड झाली ती चुंबकीय विषुववृत्त तेथून दूर आहे म्हणून. स्वतंत्र भारताच्या विज्ञानाच्या नकाशावरील दोन महत्त्वाची गावे एका अदृश्य रेषेच्या संदर्भात ठरली, आणि त्या रेषेचा उल्लेख आपल्या कोणत्याही इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आढळत नाही.

दुसरे कारण डोंगरांचे. सह्याद्रीच्या रांगा आणि भोवतालच्या टेकड्या शहरांचा रेडिओ गोंगाट अडवतात. जुन्नरजवळच्या आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी उपग्रह संदेशवहनाचे भूकेंद्र झाले होते, म्हणजे या खोऱ्याने आकाशाकडे कान लावण्याची ही दुसरी वेळ. ज्या डोंगरांनी सातवाहनांच्या काळात व्यापारी मार्ग राखले आणि पुढे गडांना आसरा दिला, त्यांनी विसाव्या शतकात शांतता राखली, एवढे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

झोत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९१८ साली अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक विलक्षण सरळ रेघ नोंदवली. पुढे तिच्याविषयी काही दशके फारसे कोणी बोलले नाही. १९५३ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्त यांनी दाखवले की, सिग्नस-ए हा एक स्रोत नसून दीर्घिकेच्या दोन बाजूंना असलेले दोन प्रचंड फुगवटे आहेत. या फुगवट्यांतील इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावत असतात, तरी ते तळपत राहतात. म्हणजे केंद्राकडून रसद पोहोचत असली पाहिजे. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मार्टिन रीस, रॉजर ब्लँडफर्ड आणि पीटर श्योएर यांनी ही रसद अरुंद झोतांमधून येत असल्याचे प्रतिपादन केले. १९७७ मध्ये ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी फिरत्या कृष्णविवरातून चुंबकीय क्षेत्र ऊर्जा कशी ओढून काढील याचे गणित मांडले.

परंतु झोत अरुंद राहतो कसा? दीर्घिकेबाहेर ना वेटोळी आहेत, ना चार ध्रुवांचे चुंबक. या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा १९३४ सालच्या एका निबंधात आहे. विलर्ड बेनेट यांनी दाखवले होते की, वाहणारी वीज स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि तेच क्षेत्र त्या प्रवाहाला आतल्या बाजूस आवळते. प्रवाह स्वतःच स्वतःचे भिंग होतो. कृष्णविवराभोवती गरगरणाऱ्या वायूत गुंतलेल्या क्षेत्ररेषा पीळ पडलेल्या दोरीसारख्या वर उठतात आणि झोताला वेढे घालतात, असे आजचे प्रारूप सांगते. २०२१ साली इव्हेंट होरायझन या दुर्बीणजालाने एम-८७च्या कृष्णविवराभोवतीच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण प्रसिद्ध केले. तेथे सुसंघटित व प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचा तो स्पष्ट पुरावा होता.

असे असले तरी हा वाद मिटलेला नाही. असा आवळलेला प्रवाह अस्थिर असतो. तो नागमोडी होऊ लागतो आणि प्रयोगशाळेत तर क्षणार्धात मोडतो. उगमापाशी चुंबकीय वेढे झोत घडवतात यावर आज बरेच मतैक्य आहे. पुढे लक्षावधी प्रकाशवर्षे त्याला सरळ ठेवण्याचे श्रेय चुंबकीय क्षेत्राला द्यावयाचे, की भोवतालच्या वायूच्या दाबाला, की त्याच्या प्रचंड वेगाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

जीएमआरटीचे योगदान येथे येते, आणि ते तिच्या दप्तरी स्वभावाला धरून आहे. काही रेडिओ दीर्घिकांत एकाच रेषेवर फुगवट्यांच्या दोन जोड्या दिसतात : आतली ताजी, बाहेरची जुनी. झोत एकदा थांबला आणि बऱ्याच काळाने पुन्हा त्याच दिशेने सुरू झाला, असा त्याचा अर्थ. बाहेरची विझत चाललेली जोडी मीटरतरंगांवर उजळ दिसते, म्हणून अशा दीर्घिकांच्या अभ्यासात खोडदच्या निरीक्षणांना महत्त्व आले. २०११ मध्ये आनंद होता आणि सहकाऱ्यांनी 'स्पेका' या सर्पिल दीर्घिकेत अशा पुनरावृत्तीच्या खुणा नोंदवल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये 'पॉर्फिरियन' नावाची झोतांची जोडी जाहीर झाली. तिची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी सुमारे २ कोटी ३० लक्ष प्रकाशवर्षे आहे. ती प्रथम दिसली युरोपातील लोफार या दुर्बिणीला. परंतु ती नेमक्या कोणत्या दीर्घिकेतून निघाली हे निश्चित करण्याच्या कामी जीएमआरटीची निरीक्षणे उपयोगी पडली. त्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ७५० कोटी वर्षे लागली आहेत. एवढा लांब झोत मोडत कसा नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार झाला. असे झोत आपल्यासोबत चुंबकीय क्षेत्रेही दीर्घिकांमधील रित्या अवकाशात पोहोचवत असावेत, असा विचारही पुढे आला आहे.

शांततेची किंमत

हे सारे ज्या शांततेत घडते ती शांतता कोणाची, हा प्रश्न आम्हांस अखेरीस विचारावासा वाटतो. मीटरतरंगांवर काम करणारी एवढी मोठी दुर्बीण भारतात उभारण्याचे एक कारण असे दिले गेले की, पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे त्या लहरींवरचा मानवनिर्मित गोंगाट कमी होता. सरळ शब्दांत सांगावयाचे तर, येथे कारखाने व प्रक्षेपणकेंद्रे कमी होती. विकासाची उणीव विज्ञानाच्या पथ्यावर पडली. आता त्या परिसरात उद्योग उभारावयाचा तर दुर्बिणीला उपद्रव होणार नाही ना, हे पाहावे लागते. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा प्रस्तावित मार्ग जीएमआरटीमुळे बदलावा लागेल, अशी भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली आणि २०२५ साली तो या भागातील कळीचा राजकीय प्रश्न झाला. टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे हवी आहे. ७५० कोटी वर्षांपूर्वीची लहर ऐकणाऱ्या दुर्बिणीला ठिणग्यांचा आवाज नको आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि एकाला अडाणी किंवा दुसऱ्याला उपरे म्हणून हा पेच सुटणार नाही.

आमच्या मते यात सर्वाधिक उणीव राहिली आहे ती आपल्या लेखनाची. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला विज्ञानप्रदर्शन भरते, शाळकरी मुले हजारोंनी तबकड्या पाहून जातात. परंतु प्रौढ वाचकाला या दुर्बिणीचा अर्थ सांगणारे मराठी गद्य फारच थोडे. जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्राला मराठी दिले. त्या मराठीत स्थानिक इतिहास लिहिण्याचे काम इतिहासकारांनी आणि साहित्यिकांनी हाती घेतले नाही. ज्यांच्या जमिनी या कामी आल्या, ज्यांनी जाळ्या ताणल्या, ज्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांच्या आठवणी गोळा करण्याची वेळ अजून गेलेली नाही. गावाला आपण कशासाठी शांत राहतो हे नीट सांगितले गेले असते, तर आजचा वाद कदाचित टळला नसता, पण तो अधिक समजुतीने झाला असता. नाणेघाटाचा लेख वाचता येऊ लागला तेव्हा जुन्नरचा इतिहास दीड-दोन हजार वर्षे मागे गेला. खोडदला जे वाचले जाते ते त्याहून कितीतरी जुने आहे, आणि तेही जुन्नरच्याच इतिहासात धरावयास हवे.